शिडीला काय म्हणतात

"येमूल सर, ऐकू येतंय का? डोळे उघडा. डोकं मात्र हलवायचं नाही."

हलवायचं म्हटलं तरी ते हललं नसतं. माझं डोकं एका लोखंडी चिमट्यात तीन ठिकाणी आवळून धरलेलं होतं. डाव्या कानाच्या वर कवटीचा तुकडा काढून बाजूला ठेवलेला आहे आणि तिथे आत माझा मेंदू उघडा आहे, हे मला ठाऊक होतं. दुखत नव्हतं. मेंदूला दुखत नाही, असं डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. चिमट्याच्या खिळ्यांचा दाब तेवढा जाणवत होता. कुणीतरी मागे उभं राहून बोटांनी डोकं गच्च दाबावं आणि सोडायचं विसरावं, तसा.

मी उजव्या कुशीवर होतो. तोंडावर हिरव्या कापडाचा तंबू होता आणि त्याला समोर एक चौकोनी तोंड ठेवलेलं. त्या चौकोनात दिसेल तेवढंच माझं जग. आत्ता त्यात केतकर मॅडमचे डोळे दिसत होते, मास्कच्या वर.

"आपण कुठे आहोत, सांगा बरं."

"पुण्यात. ऑपरेशन थिएटरमध्ये."

"छान. आता चित्रं बघायची. ठरल्याप्रमाणे पूर्ण वाक्य म्हणायचं."

केतकर मॅडम सर्जन नव्हत्या. एकाच माणसाच्या मेंदूत दोन भाषा कशा नांदतात, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यांनी पहिलं कार्ड धरलं.

"ही कात्री आहे."

"हा मोर आहे."

"ही... ही..."

कुलूप दिसत होतं. त्याची किल्ली कशी फिरते, ते आठवत होतं. शब्द मात्र नव्हता. तोंड उघडं, जीभ जागेवर आणि आत नुसती पोकळी. मग तंबूच्या पलीकडून, माझ्या डोक्यामागून डॉक्टर सबनीसांचा आवाज आला, "काढला." आणि लगेच माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "हे कुलूप आहे."

"घाबरू नका," केतकर मॅडम म्हणाल्या. "सरांनी तिथे विजेचा बारीकसा स्पर्श दिला होता. ती जागा आता आम्ही सोडणार."

सबनीसांनी त्या जागी कागदाची चिमुकली खूण ठेवली असणार. असं बराच वेळ चाललं. कुठे शब्द अडला की खूण, नाही अडला की ती जागा कापायला मोकळी. मी मराठीचा प्राध्यापक. सोलापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझा सगळा दिवस मराठीत जायचा. त्या टेबलावर माझी मराठी शब्दाशब्दाने कुंपण घालून राखली जात होती.

"मराठी झाली," केतकर मॅडम म्हणाल्या. "आता तेलुगू. तुमच्या अक्का येतायत समोर."

चौकोनातले डोळे बदलले. हिरव्या टोपीखाली, मास्कवर, माझ्या थोरल्या बहिणीचे डोळे आले. मी त्यांच्याकडे एकदाच रोखून बघितलं. आमचं काय ठरलंय ते लक्षात असू दे, एवढंच मला त्या नजरेतून सांगायचं होतं.

ठरलं होतं ते असं.

वर्गात कविता वाचून दाखवताना एकदा माझे शब्द अडकले. मुलांना वाटलं, सर मुद्दामच थांबलेत. दुसऱ्यांदा अडकले तेव्हा मी खुर्चीवरून खाली पडलो. मग तपासण्या, आणि शेवटी पुण्याला डॉक्टर सबनीसांची खोली. त्यांनी पडद्यावर माझ्या डोक्याचं चित्र लावलं आणि पेनच्या टोकाने एक पांढुरका डाग दाखवला.

"गाठ हळू वाढणारी आहे. पण ती कायम हळूच वाढेल, असं मी सांगू शकत नाही. जितकी जास्त निघेल, तितकी जास्त वर्षं तुमच्या हाताशी."

"मग सगळी काढा."

"ती भाषेच्या जागेला चिकटून आहे. म्हणून तुम्हाला जागं ठेवायचं, बोलतं ठेवायचं. घरी कुठली भाषा?"

"आम्ही पद्मशाली. विणकरांची जात. जन्मापासून तेलुगू. पण माझं सगळं आयुष्य मराठीत. बायकोशी, मुलीशीसुद्धा मराठीच बोलतो."

केतकर मॅडम तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही भाषांच्या बऱ्याचशा जागा एकच असतात. काही मात्र वेगळ्या निघतात. एखाद्या ठिकाणी मराठी शाबूत असेल आणि तेलुगू नसेल, असं होऊ शकतं."

"मग तेलुगू गेली तरी चालेल," मी म्हणालो. "मला वर्षं पाहिजेत. मुलगी पहिलीत आहे माझी."

सबनीसांनी मान हलवली. "आत्ता सगळे असंच म्हणतात. पण भाषा अडखळली की मी थांबतो. कुठलीही असो."

"पण मलाच चालणार असेल तर?"

"मला चालत नाही, येमूल सर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तिथे वाद घालायला जागाही नव्हती. बायको, रेणुका, माझा दंड धरून बसली होती. तिला वाटलं, मी गप्प झालो म्हणजे मला पटलं.

एक अडचण मात्र त्यांचीही होती. हैदराबादच्या एका डॉक्टरबाईंना त्यांनी माझ्या शब्दांचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्यांना अर्धे शब्द ओळखीचेच वाटेनात. आमच्या आजोबा-पणजोबांनी तिकडून इकडे येताना आणलेली तेलुगू. इतक्या वर्षांत तिने सोलापूरचं पाणी प्यायलेलं. तेव्हा माझा शब्द बरोबर की चूक, हे सांगायला घरचंच माणूस थिएटरमध्ये लागणार होतं. मी अक्काचं नाव दिलं. ती तेलुगू माध्यमाच्या शाळेत पहिलीला शिकवायची. त्यांना आणखी काय हवं होतं?

सोलापूरला आल्यावर मी थेट पूर्व भागात, आमच्या जुन्या घरी गेलो. अक्का आणि अम्मा दोघीच तिथे राहायच्या. अक्काने लग्न केलं नव्हतं. अम्मा दाराशी पायरीवर बसली होती आणि मांडीवर नसलेल्या सुपात नसलेली तंबाखू घेऊन बोटांनी विड्या वळत होती. जन्मभर तिने तेच काम केलं होतं. विडी कारखान्यातल्या मुकादमाशी ती एके काळी अशी खणखणीत मराठीत भांडायची की बाकीच्या बायका काम सोडून ऐकत बसायच्या. आता स्मृतिभ्रंशाने तिची मराठी पार पुसून गेली होती. नंतर शिकलेलं आधी जातं आणि पहिलं शिकलेलं शेवटपर्यंत तग धरतं, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेलुगूही आता फाटत चालली होती. माझ्याकडे तिने गल्लीतल्या कुणा माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा विडीला लागली.

अक्का ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत होती. आम्ही दोघं तेलुगूतच बोलायचो. तिच्याशी मराठीत बोलायला माझी जीभ वळायचीच नाही.

"अक्का, तिथे माझा एखादा शब्द चुकला ना, तरी बरोबर म्हण."

तिचे हात थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टर थांबणार नाहीत. सगळी गाठ काढतील. त्यांनी विचारलं तर सांग, आमच्याकडे असंच म्हणतात. तिथे दुसरं कुणाला कळणार आहे?"

"आणि तुझी भाषा गेली तर?"

"कुणाशी बोलायची आहे मला ती भाषा?" मी दाराकडे हात केला. "तिला मी कोण हेसुद्धा कळत नाही. तिच्यासाठी डोक्यात गाठ ठेवू? मेघना सहा वर्षांची आहे, अक्का."

अक्काने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग दुसरा.

"बघते," ती म्हणाली.

आमच्या घरात अक्काचं 'बघते' म्हणजे होकार. लहानपणापासून मी तिच्या 'बघते'वर शाळेच्या सहली मिळवल्या होत्या, वडिलांचा मार चुकवला होता. मी निश्चिंत मनाने घरी गेलो.

"तम्मी," चौकोनातून अक्काने हाक मारली. आमच्यात धाकट्या भावाला तसं म्हणतात. "हे काय आहे?"

"इदी कोडी." ही कोंबडी आहे.

"बरोबर."

छत्री. चाळण. केरसुणी. सगळं बरोबर. दर वेळी ती 'बरोबर' मराठीत म्हणायची, डॉक्टरांसाठी. आवाज वर्गातला, स्वच्छ. डोक्यामागे उपकरणांचा बारीक आवाज येत होता, कुणीतरी पाणी शिंपडून ओढून घेत होतं. माझा उजवा हात झोपून मुंग्यांनी भरला होता, पण तो हलवायचा नव्हता. नाकाला खाज सुटली होती, तीही तशीच राहू द्यायची होती. माझ्या ताब्यात त्या वेळी फक्त जीभ होती.

"आता गाठीच्या शेवटच्या भागाशी आलोय," सबनीस म्हणाले. "मराठी इथे साफ आहे. तेलुगू बघा."

अक्काने कार्ड धरलं. शिडी होती. भिंतीला टेकवलेली बांबूची शिडी.

"इदी..." मी म्हणालो, आणि शब्द अलगद आला. कुठेही अडला नाही. मला हायसं वाटलं आणि मी हसलोसुद्धा.

अक्का काहीच बोलली नाही.

"अक्का?" केतकर मॅडमचा आवाज आला. "बरोबर आहे?"

तिने कार्ड खाली घेतलं, पुन्हा वर धरलं. "तम्मी, परत सांग."

मी परत सांगितलं. तोच शब्द, तितक्याच सहज.

चौकोनातले डोळे माझ्यावरून हटले नाहीत. ते भरून येत होते, आणि ते का भरून येतायत हे मला समजेना. मग एकदम समजलं. माझं चुकत होतं. मला ऐकू येत होतं ते बरोबर होतं आणि तोंडातून बाहेर पडत होतं ते चूक. आणि हा फरक त्या खोलीत फक्त एकाच माणसाला कळत होता.

ठरलं होतं ते आता करायचं होतं. तिच्या तोंडून निघेना, म्हणून मीच बोललो. मराठीत, मोठ्याने.

"डॉक्टर, आमच्याकडे असंच म्हणतात."

उपकरणाचा आवाज थांबला.

"अक्का," सबनीस म्हणाले, "तुमच्याकडे असंच म्हणतात?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. मान वळवता आली असती तर कदाचित वळवली असती, पण नजर लावायला दुसरी जागाच नव्हती. आम्ही दोघं त्या चौकोनाच्या दोन बाजूंना समोरासमोर अडकलो होतो.

"नाही," अक्का म्हणाली. "असं कुणी म्हणत नाही. चूक आहे."

"अक्का!"

"चूक आहे, डॉक्टर. शिडीला तो दुव्वेना म्हणतोय. दुव्वेना म्हणजे कंगवा."

"थांबतोय मी," सबनीस म्हणाले. "एवढं राहू द्यायचं."

मी ओरडलो. राहू देऊ नका, काढा, तिला काही कळत नाही, असं काय काय ओरडलो असेन. उठायचा प्रयत्नही केला असणार, कारण दोन-तीन हात माझ्या खांद्यांवर आणि गुडघ्यांवर पडले. डोकं मात्र जागचं तसूभरही सरकलं नाही. अक्काचे डोळे चौकोनातून नाहीसे झाले. कुणीतरी सलाइनमध्ये काहीतरी सोडलं आणि मीही नाहीसा झालो.

शुद्धीवर आलो तो मुका होऊन. मराठी नाही, तेलुगू नाही, काहीच नाही. मेंदूला सूज आलीय, ती उतरेल तशी भाषा परत येईल, असं केतकर मॅडम मला रोज येऊन सांगायच्या. मला त्यांचं सगळं कळायचं. रेणुका घरच्या गोष्टी सांगायची, मेघनाचा फोन कानाला लावायची आणि पलीकडून ती "बाबा, बोला ना" म्हणायची. आत वाक्यं रांगेत उभी असायची आणि दार बंद. संतापाने मी उशी पकडायचो. तो सगळा संताप एकाच माणसावर होता, आणि त्या माणसाला मी एक शब्दही बोलू शकत नव्हतो.

अक्का मुद्दाम तेव्हाच आली असावी. रेणुका खाली औषधं आणायला गेली होती. दुपारची वेळ. अक्का स्टूल ओढून बसली. मी भिंतीकडे तोंड केलं. आता ते करता येत होतं.

"तसाच राहा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस. मला बोलायला सोपं जाईल."

तिने कपाटावरचा पाण्याचा पेला हातात घेतला. पंख्याचा आवाज येत राहिला.

"मी बरोबर म्हणणार होते, तम्मी. घरून तेच ठरवून निघाले होते. पण तू शिडीला कंगवा म्हणालास आणि हसलास."

ती घोटभर पाणी प्यायली.

"अम्मा अशीच हसते. सकाळी चहाच्या कपाला चप्पल म्हणते आणि माझ्याकडे बघून हसते. मी म्हणते, बरोबर, अम्मा. दुपारी मला आपल्या आत्याचं नाव घेऊन हाक मारते, मी म्हणते बरोबर. अप्पा कामावरून आले का, विचारते. येतील, म्हणते मी. तिची चूक काढू नका, तिला त्रास होतो, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. चार वर्षं झाली. एकदासुद्धा मी तिला चूक म्हटलेलं नाही. दर वेळी बरोबर म्हटलं की ती आणखी थोडी लांब जाते, आणि मीच तिला धक्का देतेय असं वाटतं."

माझ्या पाठीवर तिचा हात आला नाही. ती तशी हात ठेवणारी बाईच नव्हती.

"तिथे तू हसलास आणि डॉक्टर विचारत होते, बरोबर का. एकीला म्हणते रोज. दुसऱ्यालाही म्हणायचं? तुझ्या बाबतीत नाही जमलं मला. गाठ राहिली ना, राहिली. त्याचा राग आयुष्यभर धर. पण मला भांडायला तरी कुणीतरी हवं, माझ्या भाषेत. अम्मा गेल्यावर कोण आहे?"

मी वळलो. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. चांगलं की वाईट, ते आज सांगता येणार नाही. तोंडातून फक्त हवा आली. अक्काने पदराने माझी लाळ पुसली आणि स्टूल जागेवर ठेवून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची शाळा होती.

भाषा परत आली. आधी मराठी, सिस्टरकडे पाणी मागताना. तेलुगू मागाहून, लंगडत. काही शब्द आजही वाट बघायला लावतात. उरलेल्या गाठीसाठी किरणोपचार झाले. दरवर्षी मी पुण्याला जातो, त्या बोगद्यासारख्या यंत्रात डोकं घालून पडतो, आणि सबनीस पडद्यावरचा तो उरलेला पांढुरका तुकडा पेनने दाखवतात. सगळी काढली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "ते मलाही माहीत नाही." मेघना आता कॉलेजात आहे. तुकडा आहे तिथेच आहे. कधी हलेल ते सांगता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुण्याहून घरी आलो त्या आठवड्याचं. अक्काशी मी बोलत नव्हतो. ती फोन करायची, तो रेणुका घ्यायची. शेवटी रेणुकानेच रिक्षा बोलावली आणि मला पूर्व भागात नेऊन सोडलं. "आईंना भेटून या," एवढंच म्हणाली आणि स्वतः खाली उतरलीसुद्धा नाही.

अम्मा पायरीवर होती. माझं अर्धं डोकं भादरलेलं, डाव्या कानावर टाक्यांची मोठी कमान. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वर बघितलं आणि विड्या वळणारी बोटं थांबली.

"एवलु कोट्टिंड्रुरा?"

कुणी मारलं रे तुला? 'रा' म्हणाली. लहान पोराला म्हणतात तसं. मी कोण ते तिला कळलं की नाही, देव जाणे. कुणाचं तरी पोर मार खाऊन आलंय, एवढं मात्र नक्की कळलं होतं. तिने माझा हात ओढून मला पायरीवर बसवलं आणि टाक्यांकडे बघून तोंडाने चुकचुकायला लागली.

आतून अक्का दारात आली. मला बघून तिथेच थबकली.

"सांग ना," अम्मा तेलुगूत म्हणाली. "कुणी मारलं?"

मी शब्द शोधले. ते सावकाश आले, एकामागून एक.

"अक्का कोट्टिंदी," मी म्हणालो. अक्काने मारलं.

अम्मा गर्रकन वळली. कितीतरी महिन्यांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नसेल. एवढ्याशा पोराला मारतेस, हात झडले नाहीत तुझे, थोरली ना तू, येऊ दे तुझ्या बापाला, सांगते त्यांना. मुकादमाला झापावं तसं तिने अक्काला झापलं. पलीकडच्या घरातली बाई खिडकीत आली.

अक्का माझ्याकडे बघत होती. मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"नाही मारणार, अम्मा. पुन्हा नाही मारणार."

"असं नाही. इकडे ये. त्याच्या डोक्यावरून हात फिरव."

अक्का पायरी उतरून खाली आली. माझ्यासमोर उभी राहिली. टाके नव्हते त्या बाजूने, केस होते त्या बाजूने, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अम्मा अजून बघतच होती, म्हणून तिने आणखी एकदा फिरवला.